गाडीशी अबोला

माझ्या मुलाने गाडीशी अबोला धरला होता. माणसाने बायकोशी धरावा, भावाशी धरावा, सासरच्यांशी तर जरूर धरावा, त्याला कोणी नावं ठेवत नाही. पण हा चार चाकांच्या वस्तूशी बोलत नव्हता. रोज सकाळी पार्किंगमध्ये जायचा, गाडीवरचं कव्हर काढायचा, फडक्याने ती पुसायचा, मग तिच्याकडे पाठ करून उभा राहायचा, सुस्कारा सोडायचा, पुन्हा कव्हर घालायचा आणि बसने दुकानात जायचा. हे वागणं बरं नव्हे. घरातली मोठी म्हणून सांगते, आमच्या घराण्यात आजवर कोणी वेडं झालेलं नाही. चक्रम पुष्कळ झाले, पण ते बिचारे पायी चालायचे.

पुढे जे मोठेमोठे शब्द येतील ते एका समितीचे आहेत, तीही पुढे येईलच. माझी शाळा दुसरीतच सुटली. शब्द मी ऐकले तसे उतरवते, अर्थ ज्याचा त्याने लावावा.

गाडी विजेची. धूर नाही, आवाज नाही. गाडीचा आवाज नाही म्हणून तो मुलाने केला. ती आली त्या दिवशी सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "आईसाठी घेतली!" माझी थोरली बहीण, अक्का, शेजारच्या शहरात राहते. बसच्या पायऱ्या माझ्या गुडघ्यांना झेपत नाहीत, म्हणून आमची भेट फोनवरच. मुलगा म्हणाला, "आता दर रविवारी अक्कामावशीकडे!" मी लगेच अक्काला कळवलं. ती म्हणाली, "आधी ये, मग सांग." अक्काला जन्मापासून कोणाचं काही खरं वाटत नाही, आणि वाईट हे की ती सहसा चुकत नाही.

मुलाचं फर्निचरचं दुकान आहे. गिऱ्हाईक कसं वाकवायचं हे त्याला चांगलं ठाऊक, म्हणून स्वतः गिऱ्हाईक झाल्यावर त्याने शोरूमवाल्यांना असं पिळून काढलं की त्यांनी दरात थोडी सूट दिली, पायाखाली घालायच्या मॅट फुकट दिल्या आणि "साहेब, आता निघा" म्हणून हात जोडले. ती सूट त्याने घरात ढालीसारखी मिरवली. "आई, आपल्याइतक्या कमी दराने ही गाडी शहरात कोणालाच मिळालेली नाही!" हे वाक्य ध्यानात ठेवा. त्याने ठेवलं नाही.

आमच्या समोरच्या दारात एक फोटोग्राफर राहतो. लग्नातले फोटो काढतो, त्यामुळे माणूस हसरा. मुलाने त्याला गाडीत बसवून फिरवलं, बटणं दाबून दाखवली आणि "तूही घे रे, आयुष्यात एकदा तरी चांगली वस्तू घ्यावी माणसाने" असा उपदेश केला. फोटोग्राफर म्हणाला, "दादा, घेऊ की. थोडे दिवस जाऊ देत."

ते थोडे दिवस गेले. एका सकाळी मुलगा अर्धी दाढी झालेला, अर्ध्या गालाला फेस, हातात फोन धरून बाहेर आला.

"आई, गाडी स्वस्त झाली."

"बरं झालं की. चार लोकांना मिळेल."

"आई!" असा ओरडला की मला वाटलं ब्लेड लागलं.

दुपारपर्यंत बातमी नातेवाइकांत पसरली. लोक भेटायला येऊ लागले. मावसभाऊ आला, मान खाली घालून बसला, चहा प्याला आणि निघताना मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जे झालं ते झालं. आता मागे राहिलेल्यांनी धीर धरायचा." सूनबाई आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसली. मीही हसले असते, पण कोणीतरी गंभीर राहायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलगा शोरूममध्ये गेला. मी सोबत गेले, कारण एकट्याने भांडायला गेला की तो काहीतरी विकत घेऊन परत येतो. तिथे 'ग्राहक आनंद विभाग' नावाची काचेची खोली होती. बाहेरच्या बाकावर माणसं अशी बसली होती की आत कोणाचं तरी ऑपरेशन चाललं असावं. काचेआडची मुलगी गोड हसली.

"सर, तुमच्या गाडीची किंमत कमी झालेलीच नाही. तुम्ही भरलीत ती तशीच आहे. कमी झालीय ती अजून न विकलेल्या गाड्यांची."

"पण गाडी तीच ना?"

"अगदी तीच. म्हणून तर नवीन ग्राहक इतके खूश आहेत."

"आणि आम्ही?"

"सर, तुम्ही आधीच खूश होऊन गेलात. त्या जादा दिवसांच्या आनंदाचे पैसे कंपनी तुमच्याकडे मागत नाहीये."

हे मी आधी कुठेतरी ऐकलं होतं. आमच्या दुकानात 'आज शेवटचा दिवस' अशी पाटी आहे. ती लागली तेव्हा नातू रांगत होता, आता त्याला मिसरूड फुटलंय. एकदा एक बाई तणतणत आली. तिने आदल्या दिवशी घेतलेला सोफा आज स्वस्त लावला होता. मुलगा तिला म्हणाला, "ताई, काल रात्री तुम्ही त्या सोफ्यावर बसलात ना? आज घेणारा काल बसला का? त्या बसण्याचे पैसे." बाई आली तशी गेली.

मी मुलाच्या कानात म्हटलं, "ही तुझ्याच शाळेतली दिसतेय."

"आई, सोफ्याची गोष्ट वेगळी."

"कशी काय?"

"सोफा आपण विकतो."

शोरूमच्या त्या बाकावर समदुःखी भेटले आणि 'चढ्या दराने वाहन खरेदी केलेल्या ग्राहकांची कृती समिती' स्थापन झाली. बैठका आमच्या घरी, कारण खुर्च्या आमच्याकडे. अध्यक्ष झाला एक दातांचा डॉक्टर. त्याने गाडी सगळ्यांच्या आधी, एका पैशाची घासाघीस न करता घेतली होती, म्हणून त्याचं दुःख सर्वांत मोठं ठरलं आणि त्याला हाताची खुर्ची मिळाली. बाकीचे आपापल्या नुकसानीप्रमाणे बसले. जास्त भरणारा सोफ्यावर, कमी भरणारा स्टुलावर. मुलाने आपल्याला मिळालेली सूट समितीला सांगितलीच नाही. सांगितली असती तर स्वतःच्या घरात दाराजवळ उभं राहावं लागलं असतं. तो सचिव झाला आणि सोफ्यावर बसला.

समितीच्या वकिलाने पहिलाच सल्ला असा दिला की गाडी चालवली तर किंमत मान्य केली असा अर्थ निघतो. झालं! कोणीही गाडी चालवायची नाही असा ठराव पास. मग कोणीतरी उठून म्हणालं की गाडी चार्ज नाही केली तर बॅटरी मरेल. त्यावर फार खल झाला. चार्ज करणं म्हणजे वापरणं की जगवणं? शेवटी ठरलं, चार्ज करावी, पण निषेध नोंदवून. म्हणजे चार्जरच्या वायरला काळी फीत बांधून. एका सभासदाने फीत न बांधता रात्रभर गाडी चार्ज केली. त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला.

मी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "मग मी अक्काकडे कधी जायचं?"

दातवाला माझ्याकडे वळून मऊ आवाजात म्हणाला, "आजी, जरासं सहन करा. लगेच संपेल."

दातवाल्यांचं हे वाक्य मला माहीत आहे. माझी मागची दाढ त्याच वाक्यावर गेली.

मग किंमत आणखी उतरली आणि फोटोग्राफरने गाडी घेतली. तोच रंग, तीच गाडी, आमच्या गाडीशेजारी उभी. तो केक घेऊन आला. "दादा, तुमच्यामुळे घेतली बरं का! तुम्ही मागे लागला नसता तर मी कुठला घेणार होतो?" मुलाने केककडे असं पाहिलं जसं त्यात त्याचेच पैसे कालवले होते. तो खोलीत निघून गेला. केक मी खाल्ला. चांगला होता.

थोड्याच दिवसांत किंमत तिसऱ्यांदा उतरली. आता फोटोग्राफरही बुडाला, म्हणून तो समितीत नाव घालायला आला. त्याला मधोमध उभं करून दातवाल्याने तपासायला घेतलं.

"बातमी कळल्यावर तुम्हाला किती वाईट वाटलं?"

"खरं सांगू का डॉक्टर? सकाळी वाटलं."

"आणि दुपारी?"

"दुपारी जेवलो."

"म्हणजे भूक लागली?"

"लागली की."

समितीत कुजबुज झाली. दातवाल्याने निर्णय दिला की सदर अर्जदाराचं दुःख अपुरं व पचण्याजोगं असल्यामुळे तो सभासदत्वास अपात्र आहे. फोटोग्राफर बाहेर आला तो हसतच. "काकू, मी दुःखात नापास झालो. आता गाडी चालवायला मोकळा!"

आणि मग अक्का पडली.

मांडीचं हाड मोडलं. फोन तिनेच केला, कारण तिच्या मते बाकीचे नीट सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशन. "डॉक्टरला सांगितलंय," ती म्हणाली, "माझी धाकटी आल्याशिवाय मी आत जाणार नाही. माझं वय झालंय, आत गेलेलं माणूस बाहेर येईलच असं नाही. तुझ्याकडे गाडी आहे ना? का ती फोनवर सांगण्यापुरतीच?"

"येते," म्हटलं आणि फोन ठेवला.

नेमकी त्याच संध्याकाळी समितीची मोठी बैठक. कंपनीचा माणूस स्वतः आला होता, बूट असे की त्यात दिवाणखाना दिसावा. त्याने दोन प्रस्ताव मांडले, त्यातला एक निवडायचा. पहिला, किमतीतल्या फरकाचा काही भाग प्रत्येकाला परत मिळेल. हे ऐकून खोलीत कोणी हललं नाही. मग त्याने दुसरा मांडला. "पैसे परत मिळणार नाहीत. पण सन्मान मिळेल. आमच्या सर्व गाड्या ऑफिसातून नियंत्रित होतात. कमी दराने घेतलेल्या गाड्यांचा वेग आम्ही कमी करू शकतो."

सोफा पुढे झुकला. स्टुलंही झुकली.

"किती कमी?" माझ्या मुलाने विचारलं.

"आपण म्हणाल तितका."

"पायी चालणाऱ्या माणसाइतका?"

"त्याहून कमीही होतो, सर."

टाळ्या पडल्या. खरोखरच्या टाळ्या. दातवाल्याचे डोळे भरून आले. ठराव माझ्या मुलाने मांडला, उभं राहून, छाती पुढे काढून: "सर्वाधिक दर भरणाऱ्याचा मान राखला जावा, आणि त्याहून कमी दराने घेतलेल्या सर्व गाड्या उद्या सकाळपासून हळू करण्यात याव्यात." बूटवाला गोड हसला. "सुंदर. हे शब्द मी जसेच्या तसे घेतो." मतदान झालं. दाराआडून मी पाहत होते. पैसे परत मिळत होते, आणि एकूण एक हात दुसऱ्या प्रस्तावाला वर होता. माझ्या मुलाचे तर दोन्ही.

सगळे गेल्यावर मी म्हटलं, "उद्या मला अक्काकडे सोड."

"आई, उद्या नको गं. ठराव आहे, मी सचिव आहे. सचिवानेच गाडी काढली तर लोक काय म्हणतील? टॅक्सी मागवतो ना."

"गाडी आईसाठी घेतली होतीस ना?"

"आईसाठीच आहे. पण हे तत्त्वाचं भांडण संपलं की मग."

टॅक्सीतून उतरताना अक्काने मला पाहिलं असतं तर मोडक्या हाडानिशी उठून हसली असती. मी समोरचं दार वाजवलं. फोटोग्राफर म्हणाला, "काकू, सकाळी लवकर निघू." रंग तोच, गाडी तीच. खिडकीतून पाहणाऱ्याला ती आमचीच वाटली असती. अक्काला सगळंच सांगायला हवं असं थोडंच आहे?

सकाळी निघालो. गाडी काय सुरेख चालत होती! पाणी ओतावं तशी. अर्ध्याहून जास्त रस्ता मागे पडला, अक्काच्या शहराचा पूल ओलांडला, आणि एकाएकी गाडीचं अंग गळाल्यासारखं झालं. समोरच्या पडद्यावर अक्षरं आली. फोटोग्राफरने मोठ्याने वाचली, "आदरणीय ग्राहक, आपल्या दरास साजेसा वेग सुरू करण्यात आला आहे. प्रवासाचा आनंद घ्या."

त्याने पाय दाबला, उचलला, पुन्हा दाबला. उपयोग शून्य. एक सायकलवाला पुढे गेला. मग हातगाडीवाला. मग बाळाला ढकलगाडीत झोपवून निघालेली बाई, फोनवर बोलत. एका कुत्र्याने चालत्या गाडीच्या चाकावर पाय वर केला, आणि त्याला अजिबात घाई करावी लागली नाही.

मी मुलाला फोन लावला. "तुझ्या ठरावात बसलेय."

"आई... तू त्या गाडीत आहेस?"

"नाही, माझा फोटो आहे."

"थांब. मी येतो. माझी गाडी चढ्या दराची आहे, तिला काही होणार नाही. आत्ता येतो!"

आणि खरंच, एवढ्या दिवसांनी त्याने अबोला सोडला. आम्ही हॉस्पिटलच्या सरळ रस्त्याला लागलो तेव्हा मागे वळून पाहिलं, तर तो येत होता, वाऱ्यासारखा, दिवे चमकवत. मला भरून आलं. म्हटलं, कसाही असला तरी माझं पोर आहे. आम्हाला गाठायला थोडंसं अंतर राहिलं होतं, आणि त्याची गाडी मऊ पडली. लांबूनसुद्धा मला त्याचं तोंड उघडं पडलेलं दिसलं.

"काकू," फोटोग्राफर आरशात बघत म्हणाला, "दादांचीही गेली."

जायचीच. कंपनीच्या बिलावर सूट छापलेली होती. समितीपासून लपवली तरी कंपनीपासून कशी लपणार? सर्वांत स्वस्त गाड्यांपासून हळू करत करत कंपनी त्याच्यापर्यंत पोचली, एवढंच. ठराव आमच्या चिरंजीवांचाच: सर्वाधिक दर भरणाऱ्याचा मान, बाकी सगळ्या हळू. सर्वाधिक भरणारा एकच, दातवाला. त्या दिवशी कंपनीची शहरात त्याची एकच गाडी धावत होती. मुलाने त्याला फोन केला, ते मागाहून मला कळलं. दातवाला म्हणाला, "सचिवसाहेब, तत्त्वाचा विजय झालाय. जरासं सहन करा, लगेच संपेल."

आता रस्त्यावर एकाच रंगाच्या दोन गाड्या. पुढे आम्ही, मागे तो. दोघांचा वेग सारखा, त्यामुळे मधलं अंतर ना कमी होई, ना वाढे. हॉस्पिटलची पाटी समोर दिसत होती आणि जवळ येत नव्हती. फुटपाथवर माणसं जमली. कोणी हसत होतं, कोणी फोनने चित्रण करत होतं. एकाने तर विचारलं, "मिरवणूक कसली आहे?"

माझा फोन वाजला. अक्का. "कुठवर आलीस? डॉक्टर दारात उभा आहे. मी त्याला म्हटलंय, हातमोजे काढून बस."

"आले," मी म्हटलं, आणि दार उघडलं. गाडी थांबवावी लागली नाही. काठी टेकवली आणि उतरले. ज्या गुडघ्यांसाठी गाडी घेतली होती, त्या गुडघ्यांनी मी तिच्यापुढे सहज निघून गेले असते. पण आधी मागे वळले. मुलाच्या खिडकीशी गेले आणि त्याच्या गाडीबरोबर चालू लागले. चालले कसली, दर दोन पावलांनी तो येईपर्यंत थांबत होते. तो घामाघूम झाला होता. मला वाटलं, आता म्हणेल, आई, चुकलं. निदान, आई, गुडघे कसे आहेत?

तो खिडकीतून मान काढून पुढच्या गाडीकडे बघत होता. हळूच मला म्हणाला, "आई, नीट बघ ना... त्याची आपल्यापेक्षा जराशी जास्त पळतेय का गं?"

मी काठी त्याच्या दारावर ठेवली आणि फुटपाथलाही ऐकू जाईल असं सांगितलं, "ऐक. काल पैसे घरी चालून येत होते, तेव्हा तुझा हात मांडीवर होता. शेजाऱ्याचं चाक बांधायचं म्हटल्यावर दोन्ही वर गेले. तुला तुझी गाडी स्वस्त मिळाली नाही म्हणून तू झुरत नव्हतास, बाळा. त्याला महाग पडली नाही म्हणून झुरत होतास. आणि हे कडेला उभे राहून दात काढतायत ना, त्यांचं मनावर घेऊ नकोस. ते तुझ्याहून शहाणे नाहीत. त्यांच्या घरी अजून बूटवाला आलेला नाही, एवढंच. मी चालले. अक्काला सांगते की मुलाने गाडी घेतलीय, मागून येतोय. तू सावकाश ये. तिचं हाड जुळून ती चालायला लागली, की मी तिलाच पाठवते तुला घ्यायला."